पाणी तापविण्याचा बंब : रचना, कार्य व निगा

पावसाळा सरत आला की कोल्हापूर जिल्ह्यातील साखर कारखान्यांवर बॉयलर अग्निप्रदीपनाचे समारंभ होऊ लागतात. सभासद शेतकरी त्यास अगत्याने हजर राहतात. विधिपूर्वक पूजा होते, भट्टीत अग्नी प्रज्वलित केला जातो आणि गळिताच्या हंगामाची तयारी सुरू होते. तो अजस्र बॉयलर पाहून परतलेल्या शेतकऱ्याच्या मनात सहसा एक गोष्ट येत नाही. ती अशी की, त्याच तत्त्वावर चालणारे एक लहान यंत्र त्याच्या स्वतःच्या परड्यात, न्हाणीच्या भिंतीलगत, पिढ्यान्‌पिढ्या उभे आहे. ते यंत्र म्हणजे पाणी तापविण्याचा बंब होय.

आज पुष्कळ घरांतून विजेची, गॅसची व सूर्याच्या उष्णतेवर चालणारी साधने आली आहेत. तरीही जेथे शेतातील काटकी, शेणी व करवंट्या सहज मिळतात, तेथे बंबाचा वापर आजही होतो. बंब चालविणे सोपे असल्यामुळे त्याचा अभ्यास करावा असे कोणास वाटत नाही. याचा परिणाम असा होतो की, काही घरी दुप्पट जळण खर्ची पडते, काही घरी न्हाणी धुराने कोंदते आणि क्वचित प्रसंगी जिवावर बेतते. म्हणून बंब कसा काम करतो व त्याची निगा कशी राखावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

बॉयलर व बंब यांतील भेद

कारखान्याचा बॉयलर सर्व बाजूंनी बंद असतो. त्यातील पाण्याची वाफ दाबाखाली कोंडून ठेवली जाते व त्या वाफेच्या बळावर यंत्रे चालतात आणि उसाचा रस आटविला जातो. वाफेचा दाब मोठा असल्याने तेथे दाब दाखविणारे यंत्र, पाण्याची पातळी दाखविणारी काच, जादा वाफ सोडून देणारी सुरक्षा झडप आणि परवानाधारक जाणकार माणूस यांची कायद्याने आवश्यकता असते.

बंबाचे काम याहून वेगळे आहे. त्यात वाफ तयार करावयाची नसून केवळ पाणी ऊन करावयाचे असते. बंबाचे तोंड उघडे असल्यामुळे त्यात दाब साचत नाही, म्हणूनच त्यास झडप लागत नाही. बंबाचे उघडे तोंड हीच त्याची सुरक्षा झडप आहे. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्याचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

बंबाची रचना

बंब हा तांब्याचा किंवा पितळेचा उभा, गोल पिंप असतो. अलीकडे लोखंडी व स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याचेही बंब मिळतात. तो तीन किंवा चार पायांवर उभा असतो. त्याच्या मधोमध खालपासून वरपर्यंत एक नळी गेलेली असते. ही नळी खाली रुंद होते व तेथे जळणाची जागा तयार होते. तिच्या तळाशी लोखंडी जाळी असते. जाळीवर जळण जळते, राख जाळीतून खालच्या थाळीत पडते आणि जाळीखालूनच ताजी हवा आत शिरते. नळीच्या वरच्या तोंडातून जळण टाकावयाचे व त्याच तोंडातून धूर बाहेर पडावयाचा, अशी योजना असते.

मधली नळी व बाहेरील पिंप यांच्यामध्ये जी गोलाकार पोकळी राहते तिच्यात पाणी असते. म्हणजे अग्नी मध्ये व पाणी त्याच्या सभोवार, असा हा प्रकार आहे. पाणी भरण्यासाठी एका बाजूस नरसाळ्यासारखे तोंड असते व दुसऱ्या बाजूस पाणी घेण्यासाठी तोटी असते. काही बंबांत नरसाळ्याची नळी आतून थेट तळापर्यंत नेलेली असते व पाणी बाहेर येण्याची तोटी वरच्या अंगास असते. अशा बंबात नरसाळ्यातून एक तांब्या थंड पाणी ओतले की तोटीतून एक तांब्या ऊन पाणी आपोआप बाहेर पडते. यात जादू काहीच नाही. ऊन पाणी थंड पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे ते वर राहते आणि तळाशी शिरलेले थंड पाणी त्यास वर ढकलते.

चुलाण्यावरील हंडा, गुऱ्हाळाची काहील आणि बंब यांची तुलना केली असता बंबाची खुबी चटकन समजते. तीन दगडांच्या चुलाण्यावर हंडा ठेवला असता जाळ हंड्याच्या बुडास लागतो व उरलेला दोन्ही अंगांनी हवेत निघून जातो. बंबात जाळाला पळण्यास वाट नसते. त्यास पाण्याने वेढलेल्या नळीतूनच वर जावे लागते व जाता जाता त्याची उष्णता पाण्यास मिळते. काहिलीची गोष्ट निराळी आहे. तेथे रसातील पाणी उडवून रस घट्ट करावयाचा असतो. म्हणून काहील उथळ व पसरट असते आणि चुलवणात चिपाडाचा जाळ अखंड ठेवावा लागतो. काहिलीतून वाफ निघणे हेच गुळव्याचे काम असते, तर बंबातून वाफ निघणे हा निव्वळ तोटा असतो.

उष्णता पाण्यापर्यंत कशी पोहोचते

बंबात उष्णतेचा प्रवास तीन प्रकारांनी होतो. पेटलेल्या निखाऱ्यांपासून निघणारी धग सरळ नळीच्या भिंतीवर पडते. यास प्रारण म्हणतात. थंडीत शेकोटीसमोर बसले असता अंगास लागणारी ऊब याच प्रकारची असते. नंतर ही उष्णता नळीच्या धातूतून आरपार पाण्याच्या बाजूस जाते. यास वहन म्हणतात. शेवटी, नळीस लागून असलेले पाणी तापून हलके होते व वर जाते आणि त्याच्या जागी वरचे थंड पाणी खाली येते. यास अभिसरण म्हणतात. अशा रीतीने पाणी स्वतःच फिरत राहते व त्यास ढवळावे लागत नाही.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. अभिसरण खालून वर होते. जाळीच्या पातळीखाली जे पाणी असते ते फारसे तापत नाही. म्हणूनच खाली तोटी असलेल्या बंबातून प्रथम येणारे पाणी कोमट असते व मागाहून कढत पाणी येते. पहिला तांब्या कोमट लागला म्हणून निष्काळजीपणे पुढील पाणी अंगावर घेऊ नये.

नळी ही धुराड्याचेही काम करते. तापलेला धूर हलका होऊन वर चढतो व त्याच्या ओढीने जाळीखालून ताजी हवा आत येते. नळी जळणाने तोंडापर्यंत ठासून भरली, किंवा जाळीची भोके राखेने बुजली, तर ही ओढ बंद पडते. मग जाळ विझत जातो व धूर कोंदतो. म्हणून पेटविण्यापूर्वी जाळी झाडून घ्यावी, प्रथम बारीक वाळलेल्या काटक्या पेटवाव्यात व नंतर थोडे थोडे जळण टाकीत जावे.

याच ओढीचा एक दुष्परिणामही आहे. जाळ संपल्यावरही नळीतून थंड हवा वर जातच राहते व तापलेल्या पाण्याची उष्णता बाहेर घेऊन जाते. यासाठी निखारे पूर्णपणे विझल्यानंतर नळीच्या तोंडावर तिचे झाकण ठेवावे. पाणी पुष्कळ वेळ ऊन राहते.

जळणाचा हिशेब

एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. पाच माणसांचे घर आहे व बंबात ४० लिटर पाणी मावते असे समजा. हे पाणी २० अंशांपासून ६० अंशांपर्यंत तापवावयाचे आहे. ४० लिटरांस ४० अंशांनी गुणले असता १,६०० किलोकॅलरी उष्णता लागते. ६० अंशांच्या या पाण्यात तितकेच २० अंशांचे थंड पाणी मिसळले की ४० अंशांचे ८० लिटर पाणी होते. ते पाच माणसांस प्रत्येकी १६ लिटर येते व सुखाने स्नानास पुरते.

चांगल्या वाळलेल्या एक किलो लाकडापासून सुमारे ३,५०० किलोकॅलरी उष्णता मिळते. सर्व उष्णता पाण्यात उतरली असती तर अर्ध्या किलोहून कमी लाकडात काम झाले असते. परंतु बरीचशी उष्णता धुरासोबत जाते. एक तृतीयांश उष्णता पाण्यास मिळाली असे धरले तर सुमारे १ किलो ४०० ग्रॅम लाकूड लागेल. आपल्या घरी याच कामास तीन किलो लाकूड लागत असेल, तर दोष बंबाच्या निगेत, जळणात किंवा पाणी तापविण्याच्या पद्धतीत आहे असे समजावे.

ओले जळण हा त्यांतील पहिला दोष. लाकडातील प्रत्येक किलो पाण्याची वाफ होण्यास ६०० किलोकॅलरींहून अधिक उष्णता खर्ची पडते व ती नळीतून बाहेर जाते. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगड या अतिपावसाच्या भागांत तर मृग नक्षत्रापूर्वीच तीन-चार महिन्यांचे जळण फोडून, वाळवून आडोशास रचून ठेवणे अगत्याचे आहे. जाड ओंडक्यापेक्षा मनगटाएवढ्या ढलप्या चांगल्या जळतात. शेणी, करवंट्या, तुराट्या व मक्याची बुरकुंडे हेही बंबास योग्य जळण आहे. मात्र शेणाचे खत व उसाच्या पाचटाचे आच्छादन जमिनीस अधिक मोलाचे आहे, याचा विसर पडू देऊ नये. प्लॅस्टिक, रबर, जुने टायर किंवा रंगविलेले लाकूड बंबात कदापि जाळू नये. त्यांचा धूर विषारी असतो.

पाणी उगाच उकळू देणे हा दुसरा दोष. एक लिटर पाण्याची वाफ होऊन उडाली की सुमारे ५४० किलोकॅलरी वाया जातात. तेवढ्या उष्णतेत साडेतेरा लिटर थंड पाणी ४० अंशांनी तापले असते. आधी कढत करावयाचे व मग थंड पाणी ओतून निववावयाचे, ही रीत सोडून द्यावी.

काजळी व क्षार

दिवाळीच्या अभ्यंगस्नानापूर्वी घरोघरी बंब चिंचेने व राखेने घासून लखलखीत केला जातो. ही रीत चांगली आहे व तिला शास्त्राचाही आधार आहे. चकचकीत धातू मळकट धातूपेक्षा कमी उष्णता बाहेर फेकतो, म्हणून घासलेल्या बंबातील पाणी उशिरा निवते. परंतु पुष्कळ घरी बंब बाहेरून आरशासारखा असतो आणि त्याची नळी मात्र आतून वर्षानुवर्षे काजळलेली असते. बंबाचे खरे काम नळीच्या आतील बाजूस होते, हे विसरता कामा नये.

तांबे उष्णतेचे उत्तम वाहक आहे, तर काजळी अत्यंत मंद वाहक आहे. नळीवर काजळीचा थर बसला म्हणजे अग्नी व पाणी यांच्यामध्ये जणू घोंगडी टाकल्यासारखे होते. धग आत राहते व धुरासोबत निघून जाते. आठवड्यातून एकदा, बंब थंड असताना, काथ्याचा कुंचा लांब काठीस बांधून नळी वरून खालपर्यंत घासावी व काजळी थाळीतून काढून टाकावी. या कामास पाच मिनिटेही लागत नाहीत.

नळीच्या दुसऱ्या बाजूस, म्हणजे पाण्याच्या अंगास, क्षारांचा थर बसतो. नदीच्या पाण्यापेक्षा विहिरीच्या व विंधन विहिरीच्या पाण्यात विरघळलेले क्षार सहसा अधिक असतात. पाणी तापले की त्यांतील चुन्याचा अंश वेगळा होऊन पांढऱ्या कपच्यांच्या रूपाने धातूस चिकटतो. शिरोळसारख्या क्षारपड जमिनी असलेल्या भागात याकडे विशेष लक्ष द्यावे. तांब्यातून उष्णता जितकी सहज जाते त्याच्या शेकडो पटींनी कमी या थरातून जाते. त्याचा उपाय घरातच आहे. चिंचेचा दाट कोळ पाण्यात कालवून बंब भरावा, ते पाणी कोमट करावे व रात्रभर तसेच ठेवावे. चिंचेतील आम्लामुळे क्षार सुटे होतात. सकाळी बंब रिकामा करून दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवावा. थर जाड असल्यास ही क्रिया पुन्हा करावी. संडास धुण्याचे तीव्र आम्ल वापरू नये. त्याने सांधे व पत्रा खाऊन जातो व त्याची वाफ अपायकारक असते.

बंब तांब्याचा घ्यावा की लोखंडी, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. तांबे गंजत नाही व पुष्कळ वर्षे टिकते, हे खरे. परंतु उष्णतेपुरते बोलावयाचे तर पत्रा पातळ असल्याने धातूचा फरक फारसा पडत नाही. काजळलेल्या तांब्याच्या बंबापेक्षा स्वच्छ लोखंडी बंब कमी जळण खातो.

कोणत्या कामास किती तापमानाचे पाणी हवे

ऊन पाण्याचा उपयोग केवळ स्नानापुरता नाही. शेतकऱ्याच्या गोठ्यातही त्याचे मोठे काम आहे. मात्र प्रत्येक कामास ठराविक तापमान लागते. साधा तापमापक थोड्या पैशांत मिळतो. तो घरी असावा.

स्नानास ३८ ते ४० अंशांचे पाणी पुरेसे होते. वासरास पाजावयाचे दूध गाईच्या अंगच्या उष्णतेइतके, म्हणजे ३८ ते ३९ अंश असावे. निवलेले दूध थेट विस्तवावर न ठेवता दुधाचे भांडे ऊन पाण्याच्या बादलीत ठेवून कोमट करावे. दूध काढण्यापूर्वी कास कोमट पाण्याने धुवून स्वच्छ फडक्याने कोरडी करावी.

दुधाची भांडी धुण्याची रीत विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची स्थापना १९६३ साली झाली. गावोगावच्या संस्थांच्या संकलनामुळे आज घराघरातील दूध एकत्र होते. अशा वेळी एका घरच्या अस्वच्छ चरवीमुळे सर्वांच्या दुधास बाधा येऊ शकते. दुधाचे भांडे रिकामे होताच प्रथम साध्या थंड पाण्याने विसळावे. एकदम कढत पाणी ओतले तर दुधातील प्रथिने धातूस घट्ट चिकटतात. नंतर धुण्याचा सोडा घातलेल्या ऊन पाण्याने घासावे, स्वच्छ पाण्याने धुवावे व शेवटी उकळते पाणी फिरवून भांडे उन्हात पालथे घालावे. बंबातील ६० अंशांचे पाणी घासण्यास ठीक आहे. शेवटच्या धुण्यासाठी मात्र पाणी वेगळे उकळून घ्यावे.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवर असल्यामुळे येथे पाणी १०० नव्हे, तर सुमारे ९८ अंशांवर उकळते. तापमापकावर १०० चा आकडा दिसला नाही म्हणून तो बिघडला आहे असे समजू नये.

बंबातील पाणी पिण्यास किंवा स्वयंपाकास मात्र वापरू नये. जुन्या बंबांच्या सांध्यांस दिलेल्या डागात शिसे असण्याचा संभव असतो व ऊन पाण्यात ते अधिक उतरते.

ऊसबेण्याच्या प्रक्रियेविषयी सूचना

गवताळ वाढ आणि खोडवा खुरटणे या रोगांच्या नियंत्रणासाठी ऊसबेण्यास उष्ण पाण्याची प्रक्रिया करतात, हे अनेक शेतकऱ्यांनी ऐकले आहे. त्यावरून बंबातील पाणी पिंपात ओतून बेणे बुडविण्याचा मोह होण्याचा संभव आहे. तसे करू नये. या प्रक्रियेत बेणे ५० अंशांच्या पाण्यात सतत दोन तास ठेवावे लागते. तापमान थोडे वाढले तरी डोळे भाजून उगवण मारली जाते व थोडे कमी पडले तर रोग तसाच राहतो. पिंपातील पाणी वर कढत व खाली कोमट असे राहते आणि थंड बेणे टाकताच त्याचे तापमान एकदम उतरते. यासाठी पाणी सतत फिरविणारे व तापमान आपोआप सांभाळणारे यंत्र आवश्यक असते. सातारा जिल्ह्यातील पाडेगाव येथे १९३२ सालापासून ऊस संशोधन केंद्र कार्यरत आहे व कोल्हापुरातही ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे. अशा केंद्रांकडून किंवा आपल्या कारखान्याच्या शेती विभागाकडून प्रक्रिया केलेल्या बेण्याची माहिती घ्यावी व त्यापासून आपला बेणेमळा तयार करावा.

चार धोके

पहिला धोका तोंड बंद करण्याचा. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १,७०० लिटर जागा मागते. शिवाय ४० लिटर पाणी २० पासून ८० अंशांपर्यंत तापले तर वाफ होण्यापूर्वीच ते सुमारे एक लिटराने फुगते. बंबाचे तोंड उघडे असेल तर हे वाढलेले पाणी व वाफ निमूटपणे बाहेर पडते. तोंडात बूच मारले, झाकण झाळून टाकले, किंवा दोन्ही बाजूंस चावी बसवून त्या बंद केल्या, तर तोच घरगुती बंब झडप नसलेला बॉयलर बनतो व फुटू शकतो. काही घरांत छपरावरील टाकीची नळी सरळ बंबास जोडतात. अशा वेळी बंबाच्या माथ्यावरून एक हवानळी काढून तिचे तोंड टाकीतील पाण्याच्या पातळीहून उंच, उघडे ठेवलेच पाहिजे. त्या हवानळीवर कोणत्याही प्रकारची चावी बसवू नये.

दुसरा धोका कोरडा बंब पेटविण्याचा. पाणी असेपर्यंत नळीचा पत्रा पाण्याहून फारसा अधिक तापत नाही. पाणी संपताच तो लाल होऊ लागतो व सांध्यांचा डाग वितळतो. म्हणून आधी पाणी व मग जाळ, हा नियम असावा. चुकून कोरडा बंब तापलाच तर त्यात पाणी ओतू नये. एकदम उसळणाऱ्या वाफेने ओतणारा भाजतो. जळण काढून घ्यावे व बंब आपोआप निवू द्यावा.

तिसरा धोका धुराचा. हवा अपुरी पडली की जळणापासून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्यास रंग नसतो व वासही नसतो, त्यामुळे तो असल्याचे कळत नाही. धुमसत्या निखाऱ्यांतूनही तो निघतो. थंडीच्या दिवसांत न्हाणीत ऊब राहावी म्हणून पेटता बंब आत घेऊन दार लावणे, किंवा बंबातील निखारे घमेल्यात घेऊन झोपण्याच्या खोलीत ठेवणे, हे मृत्यूस आमंत्रण आहे. गॅसवर पाणी तापविण्याचे यंत्र बंद न्हाणीत बसविले असता हाच धोका असतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही या विषबाधेची लक्षणे होत. अशा माणसास तत्काळ उघड्या हवेत आणावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बंब नेहमी उघड्यावर किंवा दोन बाजूंनी मोकळ्या पडवीतच पेटवावा.

चौथा धोका भाजण्याचा. ६० अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडीही काही सेकंदांत भाजते. लहान मुलांची कातडी नाजूक असल्याने त्यांस त्याहून लवकर इजा होते. बादलीत प्रथम थंड पाणी घ्यावे व मग त्यात ऊन पाणी सोडावे. याच्या उलट कधीही करू नये. बंबाभोवती मुलांस खेळू देऊ नये. कोणी भाजल्यास त्या जागी वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. हळद, तूप, शाई किंवा दात घासण्याचे मलम लावू नये. जखम मोठी असल्यास दवाखान्यात न्यावे.

याखेरीज राखेविषयी एक सूचना. राखेत झाकलेले निखारे अनेक तास जिवंत राहतात. राख उकिरड्यावर टाकण्यापूर्वी तीवर पाणी शिंपडावे. बंब पिंजाराच्या व वैरणीच्या गंजीपासून दूर असावा.

तापलेल्या पाण्याचे इतर उपयोग

थंड देशांत घरे ऊबदार ठेवण्यासाठी हेच तत्त्व वापरतात. तळघरात पाणी तापविण्याचे यंत्र असते. तापलेले पाणी नळ्यांतून प्रत्येक खोलीतील लोखंडी जाळ्यांत जाते, तेथे आपली उष्णता सोडते व निवून पुन्हा खाली येते. पूर्वी हे पाणी केवळ हलके-जड होण्याच्या गुणाने फिरे. आता बहुधा पंप लावतात. आपल्याकडील हवामानात घरांस याची गरज नाही.

छपरावरील सौर बंबात आपणांस हेच अभिसरण दिसते. सूर्याच्या उष्णतेने पट्ट्यांतील किंवा काचनळ्यांतील पाणी तापते, हलके होऊन वरच्या टाकीत चढते व टाकीतील थंड पाणी खाली उतरते. म्हणून टाकी नेहमी पट्ट्यांच्या वर असावी. पट्ट्या दक्षिणेकडे तोंड करून, सावली न पडणाऱ्या जागी बसवाव्यात. चार-पाच माणसांच्या घरास रोज १०० लिटर क्षमतेचा संच साधारणतः पुरतो. पावसाळ्यातील ढगाळ दिवसांत मात्र त्याचा उपयोग कमी होतो. ज्यांच्याकडे सौर बंब आहे त्यांनीही जुना बंब मोडीत न घालता पावसाळ्यासाठी ठेवावा. वर्षातील आठ महिने सूर्य व चार महिने साठविलेले कोरडे जळण, ही जोड हितावह होय.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिक

केवळ सांगून ही गोष्ट पटत नाही. ती तोलून दाखवावी लागते. गावातील एखाद्या घरी, घरधनिणीच्या संमतीने, काजळलेला बंब निवडावा. त्यात मोजून पाणी भरावे, त्याचे तापमान पाहावे व जळण तराजूवर तोलून पेटवावे. पाणी ६० अंशांवर पोहोचताच जाळ काढावा व उरलेले जळण पुन्हा तोलावे. दुसऱ्या दिवशी नळी घासून, जाळी साफ करून, तितकेच पाणी, तेच जळण व तीच वेळ राखून हा प्रयोग पुन्हा करावा. पाण्याचे आरंभीचे तापमान दोन्ही दिवशी सारखे असेल याची काळजी घ्यावी. दोन्ही दिवसांचे आकडे फळ्यावर लिहून शेजारच्या बायाबापड्यांस दाखवावेत. तिसऱ्या दिवशी ओले जळण वापरून तोच प्रयोग केल्यास कोरड्या जळणाचे महत्त्वही आपोआप पटेल.

हे प्रात्यक्षिक घरातील स्त्रियांसमोर होणे आवश्यक आहे. जळण गोळा करणे, फोडणे, वाहून आणणे व धूर सोसणे हे कष्ट बहुतेक घरांत त्यांच्याच वाट्यास येतात. रोज एक किलो लाकूड वाचले तर वर्षास ३६५ किलो लाकूड वाचते. म्हणजे तेवढ्या मोळ्या त्यांच्या डोक्यावरून उतरतात व तेवढी झाडे-झुडपे बांधावर उभी राहतात.

सारांश, नळी आतून स्वच्छ असावी, जळण कोरडे असावे, पाणी गरजेपुरतेच तापवावे, बंब मोकळ्या हवेत असावा आणि त्याचे तोंड सदैव उघडे असावे. या पाच गोष्टींस पैसा लागत नाही. येत्या दिवाळीस बंब घासावयास घ्याल तेव्हा प्रथम नळीत कुंचा घालावा व नंतर बाहेरील बाजूस चिंच लावावी, एवढीच शेतकरी बंधू-भगिनींस विनंती आहे.